बेचाळिसावा रुमाल

१

शनिवारी सकाळी सावरमाळच्या मठात बेचाळिसावा रुमाल सोडला, तर आत पोथी नव्हती. दोन लाकडी फळ्यांच्या मधे जुनी पंचांगं होती, पोथीच्या मापानं कापून, काठाला काठ लावून नीट रचलेली.

रुमाल म्हणजे लाल खारव्याच्या कापडात बांधलेला पोथीचा गठ्ठा. असे चारशे बारा रुमाल त्या मठात आहेत. केवळनाथांनी मठ बसवला त्याला तीनशे वर्षं होत आली. तेव्हापासून शिष्य दौलताबादी कागदावर बोरूनं लिहीत गेले, चुकलं तिथं पिवळी हरताळ फासून पुन्हा लिहीत गेले. अभंग आहेत, टीका आहेत, गुरांच्या औषधांची बाडं आहेत, कोणत्या साली किती पाऊस पडला त्याचीसुद्धा एक पोथी आहे. वैशाखात एक दिवस सगळे रुमाल अंगणात सोडायचे, पानांना ऊन दाखवायचं, वेखंडाची पूड टाकायची आणि परत बांधायचे, अशी तिथली रीत. बेचाळिसाव्यात असायची ती मूळ पोथी, खुद्द केवळनाथांच्या हातची. पुढच्या आठवड्यात ती मुंबईच्या एका संग्रहालयात जायची होती, पाच वर्षांसाठी.

मग काय, मठात एकच गोंधळ उडाला. पोथ्यांची नोंदवही काढली. बेचाळीस नंबरसमोर शेवटची सही होती आकांक्षा बोबडेची. गेल्या मंगळवारी तिनं पोथीचे फोटो काढून ती परत केली होती. बस्स, एवढ्यावर मठाचे सचिव किशोर देशमुख यांनी चोर ठरवून टाकला.

रविवारी अकरा वाजता रागिणीबाई पुंडकर पातूरच्या जीपमधून मठापाशी उतरल्या. पहाटे अमरावती सोडली होती, अकोल्याला गाडी बदलली होती आणि जीवाला स्वस्थता म्हणून नव्हती. तीस वर्षं कॉलेजात मोडी शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनीच आकांक्षाला इथं धाडलं होतं. परतवाड्याच्या पोरीला चार महिन्यांचं काम मिळेल, पुढं दप्तरखान्यातली नोकरी जूनमध्ये पक्की होईल, असं म्हणून. आता नोकरीच्या आधी पोलिसात नाव जायची वेळ आली होती.

किशोरभाऊंनी फाटकातच गाठलं. तक्रारीचा कागद त्यांच्या खिशात टाईप होऊन तयार होता.

"पाच वाजता महाराजांसमोर बैठक आहे मॅडम. तोवर पोथी आली तर ठीक, नाहीतर मी निघालो पातूरला ठाण्यावर. तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून थांबलो."

रागिणीबाईंनी घड्याळ पाहिलं. सहा तास होते.

२

आकांक्षा धर्मशाळेच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं, आता नुसतीच बसली होती. रागिणीबाईंना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिनं सांगितलं ते सरळ होतं. मंगळवारी दुपारी फोटो संपले. पोथी तिनं रामरावांच्या हाती दिली, त्यांनी पानं पाहिली, वहीत सही घेतली, आणि ती जेवायला गेली. त्यानंतर ती पोथीच्या वाटेला गेलीच नाही.

"लॅपटॉप, बॅग, गादी, सगळं उलटंपालटं केलं त्यांनी," ती म्हणाली. "मॅडम, बाबांना अजून सांगितलं नाही. तक्रार झाली तर मी परतवाड्याला जाऊन काय सांगू?"

रागिणीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वर्गात त्या एकच नियम घोकून घ्यायच्या: लिहिलंय तेवढंच वाचायचं, मनचं एक अक्षर घालायचं नाही. तोच नियम आज स्वतःला लावायचा असं त्यांनी ठरवलं. पोर निर्दोष आहे हे मनचं होतं. ते कुठं लिहिलेलं सापडतं का, ते बघायचं.

पोथ्यांची खोली थंड होती. भिंतीभर सागाची कपाटं, आणि दर रुमालाला एकेक खण. पोथ्या सांभाळणारे रामराव दाराशी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या घरात हे काम चौथ्या पिढीचं. त्यांनी बसल्या जागेवरून बेचाळिसावा रुमाल दाखवला.

बाईंनी पंचांगाची पानं एकेक करून पाहिली. कापलेली सुबक होती, घाईचं काम नव्हतं. पण काही पानं सुलटी होती, काही उलटी, काही खाली डोकं वर पाय. मधूनच एखादं आडवं लावून दुमडलेलं. बाईंचा हात आपोआप ती सुलटी करायला गेला आणि तिथंच थांबला.

त्यांनी पिशवीतून बॅटरी काढून रिकाम्या खणात उजेड टाकला. अगदी मागं, कोपऱ्यात, एक अख्खी सुपारी होती. तिला पांढऱ्या दोऱ्याचे पाच वेढे घातलेले होते.

३

सुपारी तळहातावर घेऊन बाई आधी किशोरभाऊंकडे गेल्या. त्यांनी एकदा पाहून हात झटकला. म्हणाले, कुणाच्या तरी खिशातून पडली असेल, गडी माणसं दिवसभर पान खातात. मग एकदम त्यांचे डोळे बारीक झाले.

"थांबा. त्या पोरीच्या बापाची पानटपरी आहे ना, परतवाड्याच्या जीपस्टँडवर? घ्या, हा तर पुरावाच तुमच्या हातानं सापडला."

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. तशाच त्या धर्मशाळेत परत गेल्या आणि काही न सांगता सुपारी आकांक्षापुढं धरली. पोरीनं ती उचलली, दोरा पाहिला, आणि विचारलं की ही कुठून आणली. "टपरीवर असली ठेवत नाहीत, मॅडम. ही पूजेची आहे. दोरा कशाला गुंडाळलाय?" तिला खरोखरच माहीत नव्हतं. पण हे बाईंचं मत झालं, आणि बाईंचं मत पाच वाजता कोण विचारणार होतं?

तिसऱ्या खेपेला त्या रामरावांपुढं उभ्या राहिल्या. रामरावांनी चहा मागवला होता. डाव्या हातानं बशीत ओतून ते डाव्याच हातानं पीत होते. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. सुपारी दिसली तशी बशी हिंदकळली. त्यांनी ती सुपारी घेतली आणि कपाळाला लावली.

"हे तुमाले कुठं भेटलं?"

बाईंनी सांगितलं. मग रामरावांनी जे सांगितलं ते ऐकून त्यांना एका जागी थांबवेना. त्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागल्या. नोंदवही आली वीस वर्षांपूर्वी. त्याच्या आधी मठात सुपारीची चाल होती. पोथी जागेवरून हलली की तिच्या जागी दोऱ्याचे पाच वेढे घातलेली सुपारी बसवायची. वाचायला नेली, नकलेला नेली, कुठंही नेली तरी. पोथी परत येईस्तोवर तिची जागा सुपारीनं धरायची. जी पोथी पार सडली, नदीत सोडायची झाली, तिला मात्र सुपारी नाही. कारण ती परत यायची नाही.

"म्हणजे ज्यानं नेली त्याला ती परत आणायची आहे," बाई म्हणाल्या.

ही चाल आता किती जणांना ठाऊक आहे, असं बाईंनी विचारलं. महाराज महिनाभर कौंडण्यपूरला होते, कालच आले. किशोर मठात येऊन सहा वर्षं झाली. राहिले कोण, तर रामराव स्वतः. म्हातारा घाबरून बाईंकडे पाहत राहिला, कारण त्यालाही ते तेव्हाच कळलं.

४

पण रामरावांचा हात बाईंच्या डोळ्यापुढून हलेना. दोन वर्षांपूर्वी वाऱ्याचा झटका आला, तेव्हापासून उजवा गेला. बेचाळिसावा रुमाल मात्र ताठ बांधलेला होता, मठाच्या जुन्या पद्धतीची चार पदरी गाठ. एका हातानं ती गाठ बसणं शक्य नव्हतं. मग रामराव हे चारशे रुमाल कुणाकडून बांधून घेतात?

बाईंनी विचारलं, तेव्हा रामराव अगदी सहज म्हणाले, "बांधते ना मनकर्णा, चाळीस वर्षापासून. मंगळवारीबी तिनंच बांधला. मी डोळ्यात औषध टाकायले उठलो होतो." आणि पुढं असंही म्हणाले की तिला काय विचारायचं, ती तर झाडलोट करणारी.

वहीत पोथी मागणाऱ्याचं नाव होतं, देणाऱ्याचं होतं, तारीख होती, वेळसुद्धा होती. बांधणाऱ्याचा रकानाच नव्हता. चाळीस वर्षं जी बाई प्रत्येक पोथीला हात लावते, ती त्या वहीपुरती नव्हतीच. किशोरभाऊंनी सगळ्यांच्या खोल्या उघडल्या होत्या, तिची नाही.

मनकर्णाबाई इंगळे स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. सत्तरीची, काटक, कपाळावर गोंदण. बाई पोचल्या तेव्हा ती पाट्यावर वेखंड वाटत होती. सगळ्या खोलीत तोच उग्र वास. ऊन दाखवायचा दिवस काल झाला, पूड टाकून झाली, रुमाल बांधून झाले. मग आज ताजं वेखंड कशाला?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो बाईंपुढं धरला. "पाहा बरं बाई, कोणाचं नाव येऊन राहिलं? मले काई वाचता येत नाई." नातीचा होता. दोन शब्द बोलून तिनं ठेवला.

बाईंनी मूठ उघडून सुपारी दाखवली.

मनकर्णाबाईचा चेहरा बदलला. ती घाबरली नव्हती, रागावली होती. "काढली कावून?" ती म्हणाली. "जागा खाली पडली ना आता. ठेवा ते वापस तिथंच."

५

दुपारचे साडेतीन झाले होते. रागिणीबाई पहिल्यांदाच खाली बसल्या, तिच्यासमोर, जमिनीवर.

त्यांनी आवाज चढवला नाही. जे दिसलं ते एकेक करून सांगितलं. पानं इतक्या मायेनं कापणारं माणूस घाईत नव्हतं. तरी अक्षरं उलटीसुलटी लागली, कारण कापणाऱ्याला उलटं काय न सुलटं काय ते दिसत नव्हतं. किशोर, रामराव, आकांक्षा, तिघं वाचणारी. वाचणाऱ्या माणसाला उलटं पान सोसवत नाही, हात आपणहून फिरवतो. सुपारी ठेवली ती जुनी चाल जाणणाऱ्यानं. गाठ घातली ती दोन्ही हात धड असलेल्यानं. आणि आजचं वेखंड ज्या पोथीला अजून ऊन दाखवायचं राहिलंय तिच्यासाठी आहे.

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं कणगी होती, तुरकाठ्यांची, हाताभर रुंद तोंडाची. मठात आता पिठाची पोती येतात, कणगीत धान्य भरून कैक वर्षं झाली असतील. पण तिचं तोंड ताज्या शेणानं लिंपलेलं होतं.

मनकर्णाबाईनं पदरानं हात पुसले.

"चोरी नाई केली मी, बाई. माह्या आजीच्या आजीनं केलं तेच केलं. पेंढारी आले होते तवा सारे पुरुष पळाले. जमुना एकटी थांबली. तिनं साऱ्या पोथ्या कणगीत टाकल्या, वरून जवारी ओतली. तिचं नाव मागून कोणी लिहिलं आहे त्या पोथीत. शेवटून तिसरं पान, कोपऱ्यात तेलाचा डाग आहे ते. रामरावचा बाप दरसाल ऊन दाखवाच्या दिवशी मले वाचून दाखवे. आमच्या घरचं तेवढंच एक नाव कुठं लिहेल आहे."

रामरावांच्या बापामागं कुणी ते वाचून दाखवलं नव्हतं. आणि आता पोथी मुंबईला निघाली होती. पाच वर्षं म्हणतात. तिला तेवढी वर्षं उरली होती की नाही कोण जाणे. संग्रहालयाची मोटार पोथीशिवाय निघून गेली की परत ठेवायची, असा तिचा साधा हिशेब होता.

"आणि आकांक्षा?" बाईंनी विचारलं.

इथं म्हातारीचा सगळा ताठा गेला. "तिच्यापाशी भेटणारच नाई तं तिले काय होते, असं वाटलं मले. पोलीस म्हटल्यावर सांगाची हिंमत नाई झाली. पोट्टी रोज माह्या हातची भाकर खाते बाई. कालपासून जेवली नाई ती." आणि ती रडायला लागली.

रागिणीबाई उठल्या. कणगी त्यांना स्वतः फोडता आली असती, किशोरला हाक मारता आली असती. त्यांनी तसं केलं नाही.

"पाच वाजता बैठक आहे. तुम्ही आणून द्या. मी सांगितलं तर ती चोरी होईल," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या. आपण शुद्ध वेडेपणा केला की काय, हे त्यांना अंगण ओलांडेपर्यंत कळेना.

६

पाच वाजले. सभामंडपात मठाधिपती देवमन महाराज बसले होते, शेजारी किशोरभाऊ खिशातला कागद चाचपत. आकांक्षा खांबाशी उभी. मनकर्णाबाई नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटं झाली. किशोरभाऊंनी मोटारसायकलची किल्ली काढली. आणखी पाच मिनिटं थांबा, एवढंच रागिणीबाई म्हणाल्या. कशासाठी, ते सांगता येत नव्हतं. महाराजांनी भुवया वर केल्या. किशोरभाऊ पायऱ्या उतरले.

तिथंच ते थबकले. समोरून मनकर्णाबाई येत होती. डोक्यावर गाठोडं, धुतलेल्या लुगड्यात बांधलेलं, अंगावर शेणामातीचे शिंतोडे. तिनं ते महाराजांपुढं उतरवलं आणि हात जोडले.

"मीनं ठेवली होती. या पोरीचा काई दोष नाई. मले जे करायचं ते करा."

मग जे झालं ते तिनंच सांगितलं, जमुनेसकट, आणि बाईंनी फक्त पानांचं आणि सुपारीचं तेवढं जोडलं. पोथी उघडली. एक पान दुमडलेलं नव्हतं, एकाला कसर नव्हती. रामरावांनी डाव्या हातानं पानं मोजली, एकशे अठरा, पुरी. म्हातारा मान वर करेना. महाराज म्हणाले की याला चोरी म्हणवत नाही, ही राखण झाली, पण पोरीला छळलं त्याचं काय. किशोरभाऊंनी तक्रारीचा कागद फाडला आणि आकांक्षाला काहीतरी पुटपुटले. माफीच असावी. मुंबईला मूळ पोथीऐवजी फोटो पाठवायचे, पोथी जागची हलवायची नाही, असंही महाराजांनी तिथंच सांगून टाकलं.

उठता उठता ते म्हणाले, "ते जमुनेचं पान वाचा एकदा. आम्हीही ऐकतो."

आकांक्षानं शेवटून तिसरं पान काढलं. कोपऱ्यात तेलाचा डाग होता. रागिणीबाईंनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मोडी अक्षर, सुरेख, ठसठशीत. अडुळशाचा पाला पाव शेर, पिंपळी दोन, जुना मध; खोकल्यावर सात दिवस द्यावे. त्याखाली हरताळ फासून दुरुस्त केलेलं एक माप. बाकी काही नाही. पानाच्या मागं कोरं.

बाईंनी रामरावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना माहीत होतं. बाप दरसाल या बाईला काय वाचून दाखवतो ते त्यांनी तरुणपणापासून पाहिलं होतं, आणि बाप गेल्यावर तसं वाचायचा धीर त्यांना झाला नव्हता. मंडपात ती अक्षरं वाचणारी माणसं तीनच होती.

मनकर्णाबाई पदर सावरून, हात जोडून बसली होती. पोरीच्या तोंडाकडे पाहत होती.

आकांक्षानं एकदा आपल्या बाईंकडे पाहिलं. कालपासून जिला सगळ्यांनी खोटी ठरवली, ती आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी होती. पोरीनं पानावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ सरकवत, जराही न अडखळता वाचलं.

"पेंढारी आले ते समयी मठ ओस पडिला. जमुना नामे बाईने पोथ्या कणगीत राखिल्या. तिचे उपकार मठावर आहेत."

"हेच," मनकर्णाबाई म्हणाली. "अगदी हेच वाचत होते ते."

तीस वर्षं घोकलेला नियम रागिणीबाईंच्या डोळ्यांदेखत मोडला होता, आणि मोडणारी त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी होती. त्या तरातरा चालत पोथ्यांच्या खोलीत गेल्या आणि नोंदवही घेऊन आल्या. शेवटच्या रकान्यापुढं पट्टी न लावताच एक रेघ मारली. वर लिहिलं, 'बांधणाऱ्याचं नाव'. बेचाळीस नंबरसमोर लिहिलं, 'मनकर्णाबाई इंगळे'. मग मागची पानं उलटली आणि प्रत्येक नोंदीपुढं तेच लिहीत सुटल्या. निदान हे तरी खरं होतं.

मनकर्णाबाईनं बेचाळिसावा रुमाल बांधला, बाईंच्या हातातली सुपारी घेऊन ओच्यात टाकली, आणि मग वहीपाशी येऊन वाकली. बाईंनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

तिनं वही उचलली, डोळ्यांजवळ नेली, एकदा या बाजूनं धरली, एकदा त्या.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "हे सुलटं कुठून होय?"